दरोड्याचं प्रवेशपत्र

सिनेमातल्या हॅकरला कधीच कनेक्शनची अडचण येत नाही. तो अंधाऱ्या खोलीत शिरतो, अंगातल्या जॅकेटची टोपी डोक्यावर ओढतो, दहाही बोटांनी कीबोर्ड बडवतो आणि तिसऱ्या सेकंदाला जाहीर करतो, "मी आत आहे." त्याच्या राउटरवर लाल दिवा लागत नाही. त्याला कुणी मधेच "गॅस बंद कर, तीन शिट्ट्या झाल्या" असं सांगत नाही. मुख्य म्हणजे आत जाण्याआधी त्याला कुठलीही फाइल उतरवून घ्यावी लागत नाही.

खऱ्या आयुष्यात हॅकिंग शिकू पाहणाऱ्या पोराची पहिली संध्याकाळ कशी जाते ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण तिचा उत्तरार्ध माझ्याकडे येतो. मी एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो. तिथे कुणाचं व्हीपीएन, म्हणजे दुरून नेटवर्कात शिरायची खाजगी वाट, अडलं की मला फोन येतो आणि त्याचा मला पगार मिळतो. गेल्या काही वर्षांत सोसायटीत आणि नात्यागोत्यात सायबर सिक्युरिटी शिकणाऱ्या मुलामुलींची एक फळीच तयार झाली आहे. त्यांचंही व्हीपीएन अडतं. त्यांच्याकडून मला चहा मिळतो. या फळीत आमचा पुतण्या सर्वांत पुढे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, शिक्षणासाठी पुण्यात आमच्याकडेच राहतो आणि "काका, तुम्ही फ्री आहात का?" हे वाक्य हमखास रविवारी दुपारी, माझा डोळा लागत असताना उच्चारतो.

त्याच्या या उद्योगाबद्दल घरात पहिली शंका आजीने काढली.

"काय शिकतोस म्हणालास?"

"हॅकिंग, आजी. म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये कसं शिरायचं ते."

"कुणाच्या?"

"एक कंपनी आहे परदेशात. त्यांनी मुद्दाम कच्चे कॉम्प्युटर ठेवलेत, आपण फोडायला."

"त्यांना चालतं?"

"चालतं म्हणजे? आपण त्यांना दर महिन्याला पैसे देतो."

आजीने हातातली शेंग मोडायची थांबवली. "म्हणजे चोरी करायला वर्गणी भरतोस?"

या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर आहे की ते देताना पुतण्या गडबडला. हो, वर्गणीच. कारण कुणाच्याही संगणकात परवानगीवाचून हात घालणं माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये बसतं आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "मी शिकत होतो साहेब" हा बचाव त्यात कुठे लिहिलेला नाही. मग हात साफ करायचा कुठे? यावर उत्तर म्हणून या प्रयोगशाळा निघाल्या. हॅक द बॉक्स 2017 मध्ये आलं, ट्रायहॅकमी 2018 मध्ये. ऑफसेक त्यांच्याही आधीपासून याच धंद्यात. तिथे मशीनच्या मशीन मांडून ठेवलेली असतात: एकावर जुनं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर सोपा पासवर्ड, तिसऱ्यावर कुणीतरी विसरल्याचं नाटक करून ठेवलेली बॅकअप फाइल. ओवास्प या संस्थेने तर ज्यूस शॉप नावाचं एक लुटुपुटुचं ज्यूसचं दुकान ऑनलाइन सरावासाठी बनवून ठेवलं आहे. रस एक थेंब मिळत नाही, पण दुसऱ्याची टोपली उघडून बघण्यापासून मालकाच्या खात्यात शिरण्यापर्यंत सगळं करता येतं.

आता अशी भोकं पाडलेली मशीन उघड्या इंटरनेटवर ठेवली तर विद्यार्थी चहा पिऊन येईपर्यंत खरे चोर ती घेऊन जातील, आणि त्याच मशीनवरून पुढे तिसऱ्याच कुणावर हल्ले करतील. म्हणून ती एका बंद नेटवर्कात ठेवतात आणि आत येण्यासाठी प्रत्येकाला व्हीपीएनची स्वतंत्र फाइल देतात. त्या फाइलमध्ये तुमचं सर्टिफिकेट असतं, तुमची किल्ली असते, कुठल्या सर्व्हरवर कुठल्या पोर्टने यायचं ते असतं. तेव्हा गंमत अशी की जगातला कुठलाही दरोडा शिकायचा तर आधी नाव नोंदवायचं, ईमेल पडताळून घ्यायचा, आपल्या नावाचं प्रवेशपत्र उतरवून घ्यायचं आणि ते दारावर दाखवून रीतसर आत जायचं. फोडाफोडी त्यानंतर. हॅक द बॉक्सने तर सुरुवातीची काही वर्षं नाव नोंदवायलाच एक कोडं घातलं होतं. आमंत्रणाचा कोड त्यांच्याच पानातून शोधून काढा, तरच आत या. प्रवेश परीक्षेची सवय असलेल्या आपल्या मुलांना यात काहीच वावगं वाटलं नाही. क्लास कुठे लावायचा एवढंच त्यांनी विचारलं.

तर ती फाइल. तिचं नाव काहीही असो, शेवटी ओव्हीपीएन हे शेपूट असतं, कारण बहुतेक ठिकाणी ओपनव्हीपीएन वापरतात. या ओपनव्हीपीएनचा जन्मही प्रवासातला. जेम्स योनान नावाचे गृहस्थ मध्य आशियात फिरत असताना तिथूनच ऑफिसचं काम करत. आपला सगळा मजकूर कुठल्या कुठल्या देशांच्या तारांमधून चालला आहे हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. 2001 मध्ये त्यांनी हे सॉफ्टवेअर जगापुढे ठेवलं. आपला एखादा माणूस अशा फिरतीवर असता तर त्याने तिथे चहा किती वाईट मिळतो यावर प्रवासवर्णन लिहिलं असतं.

फाइल मिळाली की काली लिनक्स उघडायचं. ही 2013 मध्ये निघालेली, हॅकिंगची सगळी हत्यारं आधीच भरून दिलेली लिनक्सची आवृत्ती. त्यात टर्मिनलची काळी खिडकी उघडायची आणि आज्ञा द्यायची: सुडो ओपनव्हीपीएन आणि पुढे फाइलचं नाव. बरीच मुलं सुडो, म्हणजे मालकाच्या अधिकाराने आज्ञा देण्याचा शब्द, विसरतात. मग ट्यून नावाचा आभासी नेटवर्कचा जोड तयार करायला परवानगी नाही, असं मशीन स्पष्ट सांगतं. ते इंग्रजीत सांगतं आणि शेवटून दुसऱ्या ओळीत सांगतं, म्हणून कुणी वाचत नाही. मला फोटो पाठवतात. फोटोत पडद्यापेक्षा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब जास्त असतं.

सुडो लावलं की खिडकीत ओळींचा पाऊस पडतो. तारीख, वेळ, सर्टिफिकेट, सायफर, पुन्हा तारीख, पुन्हा वेळ. आणि सगळं सुरळीत असेल तर अखेरीस एक ओळ येते: इनिशियलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड. बस्स. घंटा नाही, हिरवा टिळा नाही, अभिनंदनाचा फुगा नाही. मोबाइलवर वीजबिल भरलं तरी आजकाल रंगीत कागदं उधळली जातात. त्या सवयीत वाढलेलं पोर या ओळीनंतर काहीतरी होईल म्हणून बघत बसतं. काहीच होत नाही. खिडकी तशीच, प्रॉम्प्टही परत येत नाही. "अडकलं वाटतं," असं म्हणून ते खिडकी बंद करतं, आणि आत्ताच जोडलेलं व्हीपीएन त्याच क्षणी तुटतं. मग नव्याने आज्ञा, नव्याने पाऊस, नव्याने तीच ओळ, नव्याने "अडकलं". ती खिडकी तशीच उघडी ठेवून दुसरी उघडायची असते, हे मी माझ्या पुतण्याला सांगितलं तेव्हा त्याने माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की मला माझ्या पगारवाढीची जुनी फाइल आठवली.

ही झाली सुखरूप घरची गोष्ट. अडचणींचं खानदान वेगळं आहे.

त्यातली थोरली म्हणजे टीएलएसची. साठ सेकंद वाट पाहून मशीन सांगतं की साठ सेकंदांत किल्ल्यांची देवाणघेवाण झाली नाही, आणि पुढे कंसात सौम्य सल्ला देतं: आपलं नेटवर्क तपासा. हा कंस लिहिणारा माणूस संत असला पाहिजे. त्याला माहीत होतं की पोरगं आधी फाइल बदलेल, मग सर्व्हर बदलेल, मग काली पुन्हा टाकेल, मग लॅपटॉपच्या कंपनीला नावं ठेवील आणि शेवटी कंसाकडे वळेल. बहुतेक वेळा कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या वाय-फायवर युडीपीची वाट बंद केलेली असते. तेव्हा टीसीपी 443 ची फाइल घ्यायची, कारण 443 वरून सगळ्या जगाच्या वेबसाइट चालतात आणि ती वाट बंद केली तर खुद्द प्राचार्यांचं ईमेल बंद पडेल.

धाकटी अडचण घड्याळाची. व्हर्च्युअल मशीन झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उघडलं की कधी कधी त्याचं घड्याळ कालच्याच वेळेवर असतं. आज सकाळी नवीन सर्टिफिकेट घेतलेलं असलं तर मशीन म्हणतं, हे अजून लागू व्हायचं आहे. आमच्या पुतण्याची तर यावर चक्क चिडचिड झाली. "काका, आत्ता दिलंय त्यांनी, आणि हे म्हणतंय अजून वेळ आहे!" सरकारी कचेरीत गेलेला नाही अजून, म्हणून चिडतो.

मधली अडचण सगळ्यांत करमणुकीची. पुतण्याने एकदा लॅपटॉपवर व्हीपीएन जोडलं आणि तेच खातं, तीच फाइल डेस्कटॉपवरही चालू केली. सर्व्हरचा नियम असा की एका नावाने एकच माणूस आत. डेस्कटॉप आत गेला, लॅपटॉप बाहेर फेकला गेला. लॅपटॉप हट्टी, त्याने आपोआप पुन्हा दार वाजवलं. तो आत, डेस्कटॉप बाहेर. डेस्कटॉपही त्याच सॉफ्टवेअरचा पठ्ठ्या. दोघं एकमेकांना ढकलत राहिले आणि पुतण्या दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत "सर्व्हर डाउन आहे" असा निकाल देऊन बसला. तेवढ्यात त्याची काकू लॅपटॉप चार्जिंगवरून काढून स्वयंपाकघरात रेसिपी बघायला घेऊन गेली, तिने आधी तो बंद करून चालू केला, आणि इकडे डेस्कटॉपवर एकदम शांतता नांदू लागली. त्या दिवसापासून काकूचं म्हणणं आहे की व्हीपीएन तिने दुरुस्त केलं. तांत्रिकदृष्ट्या तिचं म्हणणं खोडता येत नाही.

आणखी एक अडचण आहे, पण ती खानदानी लोकांनाच होते. पिंग लागतो, पत्ता उत्तर देतो, पण पान काही उघडत नाही. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत अडतात. साधं पॅकेट 1500 बाइटचं. घरच्या फायबरवर पीपीपीओई ही जोडणीची पद्धत असेल तर 8 बाइट ती घेते, वर व्हीपीएन आपलं वेष्टन चढवतं आणि फुगलेलं पॅकेट कुठल्या तरी दारात अडकून मुकाट मरतं. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल लांबी, कमी करून 1200 वर आणला की बहुधा सुटतं. पण त्याआधी पोराने केबलवाल्याला फोन केलेला असतो. केबलवाल्याकडे जगातल्या सगळ्या नेटवर्कविषयक प्रश्नांना एकच उत्तर आहे, "राउटर बंद करून चालू करा," आणि दुर्दैवाने ते इतक्या वेळा लागू पडतं की त्याला नेटवर्किंगची पदवी द्यायला हरकत नाही.

इतकं सगळं पार पडल्यावर पोराला एक नवा पत्ता मिळतो, 10 ने सुरू होणारा. हे 10 चे पत्ते खाजगी वापरासाठी 1994 पासून राखून ठेवलेले आहेत. एकूण 1 कोटी 67 लाख 77 हजार 216. कुणीही आपल्या नेटवर्कात वापरावेत, उघड्या इंटरनेटवर मात्र त्यांना कुणी ओळखत नाही. समोरच्या मशीनचा पत्ताही त्याच घराण्यातला. म्हणजे व्हीपीएन नसेल तर त्या पत्त्यावर जन्मभर पिंग मारत बसलात तरी उत्तर येणार नाही.

इथे मला 2003 चा मॅट्रिक्स रिलोडेड आठवतो. हॅकिंगचं खरं हत्यार दाखवल्याबद्दल या सिनेमाचं आमच्या धंद्यात फार कौतुक झालं. त्यातली नायिका ट्रिनिटी एनमॅप चालवते, म्हणजे समोरच्या मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते तपासते. एनमॅप 1997 पासून आहे आणि आजही पुतण्या पहिली आज्ञा तीच देतो. पण पत्ता कुठला टाकते ट्रिनिटी? 10.2.2.2. खाजगी! बाहेरून पोचणारच नाही. तेव्हा तिने एकतर सिनेमात न दाखवलेलं व्हीपीएन जोडलं असणार किंवा आतच असणार. आणि ती खरोखर आतच होती. पहारेकऱ्यांचा समाचार घेत, इमारतीत शिरून, त्यांच्याच टेबलाशी बसली होती. आमच्या फळीतल्या एका मुलीने यावर मार्मिक टिप्पणी केली: "बरोबर आहे काका, टीएलएस एररपेक्षा ते सोपं पडलं असेल तिला."

आत गेल्यावरही हा पत्ता पाठ सोडत नाही. पुष्कळदा हल्ला असा असतो की समोरचं मशीन फोडल्यावर त्यानेच उलट आपल्याकडे जोडणी करायची. त्यासाठी आपला पत्ता द्यावा लागतो. नवखा शिष्य घरच्या राउटरने दिलेला 192.168 वाला पत्ता देतो. व्हीपीएनने दिलेला द्यायला हवा असतो. समोरचं मशीन बिचारं इमानदारीत फुटतं, सांगितलेला पत्ता स्वतःच्याच आसपास शोधतं आणि कुणी न सापडल्यामुळे गप्प होतं. इकडे शिष्य रात्रभर ऐकत बसतो. "काका, हल्ला चुकतोय." हल्ला उत्तम झालेला आहे बाबा, लुटीचा माल पोचवायला तू पत्ता घरचा दिला आहेस.

लॅबमधले सहाध्यायी हा आणखी एक अध्याय. पैसे भरले तर स्वतंत्र मशीन मिळतं. फुकटात राहायचं तर बऱ्याचदा एकाच मशीनवर जगभरची मंडळी एका वेळी तुटून पडलेली असतात. हा कारभार थेट चाळीतल्या सामाईक नळाचा. तुम्ही मोठ्या कष्टाने अर्धं मशीन सर करता, कुणीतरी पोर्तुगालमधून येऊन पासवर्डच बदलून जातो. कुणी जड स्कॅन लावून मशीनला धाप लावतो. कुणी आपल्याला जमत नाही म्हणून मशीन रीसेट करायला लावतो आणि सगळ्यांचं काम वाहून जातं. फरक एवढाच की चाळीत निदान समोरासमोर भांडता येतं. इथे पुतण्या पडद्याकडे बघून अस्सल मराठीत बोलतो, आणि ते पोर्तुगालपर्यंत पोचवणारं व्हीपीएन अजून निघालेलं नाही.

या साऱ्या खटाटोपाच्या शेवटी मिळतं काय? एक मजकूर फाइल. तिच्यात बत्तीस अक्षरी आकड्यांची आणि अक्षरांची माळ. तिला फ्लॅग म्हणतात. ती नेऊन पानावर चिकटवली की गुण. पहिला फ्लॅग मिळाला त्या रात्री पुतण्याने आजीला उठवून दाखवला.

"हे काय आहे?"

"पुरावा. मी आत शिरलो त्याचा."

आजीने चष्मा लावून बत्तीस अक्षरं बघितली. "वाचता येत नाही."

"वाचायचं नसतं ते."

"मग एवढं जागून आणलंस कशाला?" असं विचारून ती कुशीवर वळली. आमच्या क्षेत्राचं याहून कठोर परीक्षण मी अजून वाचलेलं नाही.

व्हीपीएन लावलेला मुलगा घरात असला की त्याची कीर्ती सोसायटीत पसरते. आमचे चिटणीस एके संध्याकाळी येऊन म्हणाले, "मलाही ते लावून द्या. म्हणजे मी कुठे आहे, काय करतो, कुणाला कळणार नाही." मी म्हटलं, "चिटणीससाहेब, तुम्ही रोज सहा वाजता पार्किंगमध्ये वॉचमनशी भांडत असता हे सगळ्या इमारतीला माहीत आहे. त्यावर तंत्रज्ञान काय करणार?" लपण्याच्या व्हीपीएनचा बाजार निराळा. त्याबाबत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 ला आदेश काढला की अशी सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते पाच वर्षं सांभाळून ठेवावेत. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर गुंडाळले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम नाही, असा खुलासाही झाला. लॅबचं व्हीपीएन तर लपण्याच्या कामाचंच नाही. त्यातून फक्त लॅबकडे जाणारी वाहतूक जाते, बाकीचं इंटरनेट नेहमीच्याच वाटेने. आणि लॅबवाल्यांना तुमचं नाव, तुमची वेळ, तुमचा पत्ता सगळं माहीत असतं. चोरी शिकताना इतकी कडक हजेरी दुसरीकडे कुठे लागत नसेल.

हजेरीचा कळस ऑफसेकच्या ओएससीपी परीक्षेत. तिथे व्हीपीएन 23 तास 45 मिनिटं मिळतं, मग ते तोडतात, आणि पुढच्या 24 तासांत अहवाल लिहून द्यायचा. शंभरपैकी सत्तर गुण हवेत. सुरुवातीला ओळखपत्र दाखवायचं, कॅमेरा फिरवून खोली दाखवायची आणि मग अख्खा वेळ कॅमेऱ्यासमोर, पर्यवेक्षक बघत असताना बसायचं. आमच्या सोसायटीतला एक मुलगा या परीक्षेला बसला. आईने दाराला कागद लावला, "आत परीक्षा चालू आहे." कागद सगळ्यांसाठी असतो, आजीसाठी नसतो. रात्री अकराला त्याची आजी थालीपीठ आणि लोणी घेऊन सरळ आत. पोराने हातवारे करून सांगितलं, कॅमेरा, कॅमेरा. आजीने कॅमेऱ्याकडे वळून नमस्कार केला, थालीपीठ टेबलावर ठेवलं आणि जाता जाता म्हणाली, "तिकडच्या साहेबांनाही विचार जेवले का. रात्रभर बसवून ठेवलंय तुझ्यासाठी." पोरगा पास झाला. आजीच्या मते साहेबांशी आधी नीट बोललं गेलं म्हणून.

मला स्वतःला या सगळ्या शिक्षणात फोडाफोडीपेक्षा हा प्रवेशाचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नोकरीला लागल्यावर ही मुलं रोज कुणाचा किल्ला सर करत नाहीत. ती नोंदी वाचतात, सर्टिफिकेटच्या तारखा बघतात, कुठली वाट उघडी आहे, कुठली बंद आहे ते तपासतात आणि अहवाल लिहितात. म्हणजे व्हीपीएन जोडताना ज्याला ती कटकट म्हणतात तेच पुढे काम म्हणून करतात. ज्याने सगळ्या ओळी वाचायची सवय लावून घेतली तो टिकतो. बाकीचे माझ्याकडे ट्यूबलाइटचे फोटो पाठवत राहतात.

आणि खरे चोर? त्यांना एवढं शिकावंच लागत नाही, हे यातलं दुःख. काली लिनक्समध्ये रॉकयू नावाची पासवर्डची एक यादी आयती येते. 2009 मध्ये रॉकयू या कंपनीचे तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या अक्षरांत, उघडे लिहून ठेवलेले होते. त्यांतून तयार झालेली सुमारे एक कोटी त्रेचाळीस लाख पासवर्डची ही यादी आजही लॅबमध्ये पोरं वापरतात. सगळ्यांत वर आहे 123456. थोडं खाली पासवर्ड हाच पासवर्ड. त्याच्या शेजारी आय लव्ह यू. पुतण्याने ही यादी घरी वाचून दाखवली तेव्हा काकूने आपला मोबाइल हळूच उशीखाली सरकवला, आणि माझे मोठे बंधू, म्हणजे त्याचे वडील, यांनी सहज म्हणून विचारलं, "तिसऱ्या नंबरवर काय आहे?" 123456789 आहे, असं कळल्यावर ते बाल्कनीत जाऊन बराच वेळ मोबाइलशी खुडबुड करत होते. निर्धास्त होती ती फक्त आजी. तिला बँकेतून म्हणून कुणी ओटीपी मागितला होता, तेव्हा तिने सांगितलं होतं, "मी माझ्या मुलाला देत नाही, तू कोण?" पुतण्याच्या अभ्यासक्रमात या संरक्षणाला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे आणि त्यावर वेगळा पेपर आहे.

तेव्हा पालकांना माझं एवढंच सांगणं. पोरगं रात्री काळ्या खिडकीसमोर बसलं असेल तर पोलिसांची भीती बाळगू नका. ते कुठे बसून काय करतंय याची नोंद लॅबवाले तुमच्यापेक्षा नीट ठेवतात. फक्त मधेच मेन स्विच बंद करू नका. आणि घरच्या वाय-फायला अजून मोबाइल नंबर हाच पासवर्ड असेल तर तो आजच बदला. मुलगा सध्या व्हीपीएन जोडतो आहे, तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.